अकरा पानांची हरकत

अंबडच्या कोर्टात मी पंधरा वर्षं वकिली करते आहे. समोरच्या वकिलापेक्षा मी माझ्याच अशिलांवर जास्त ओरडते, असं बाररूममध्ये बोललं जातं आणि ते खरं आहे. त्यामुळे आमच्या गावच्या ग्रामसभेत मी भडकले, याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण मी भडकले ती चुकीच्या माणसावर, आणि हे माझ्या ध्यानात यायला चार दिवस गेले.

आमचं गाव वडीगोद्रीहून आत, मोसंबीच्या बागा संपल्या की लागतं. गावाच्या उत्तरेला गायरान आहे, सगळा मुरमाड उतार. त्या उतारावर आमच्या बौद्ध वस्तीतली बारा घरं पिढीभर पेरतात. माझ्या मायकडे त्यातले दोन एकर. तिथले दगड वेचून तिनं आणि बापानं बांध घातले ते माझ्या जन्माच्या आधी. बाप गेला, आम्ही भावंडं शिकून पांगलो, माय मात्र रोज सकाळी विळा घेऊन तिकडे जाते. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. तरी ते रान तिचं आहे, हे गावातल्या कुणालाही विचारा.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर शेजारच्या काकूंच्या सुनेनं मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली होती. सौर प्रकल्पाच्या प्रयोजनार्थ गायरान क्षेत्र दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उपलब्ध करून देणेबाबत ना-हरकत ठराव मंजूर करणे, असा विषय. सरळ सांगायचं तर बारा घरांचं रान काढून एका कंपनीला द्यायचं, आणि गावानं त्याला हो म्हणायचं. नोटीस लागून सहा दिवस झाले होते. वस्तीतली माणसं रोज त्या फळ्यावरून जात होती. कुणालाही ती आपल्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं.

मला संताप आला आणि थोडा आनंदही झाला, हे कबूल करते. कारण हा माझा विषय होता. एलएलएमला मी प्रबंध लिहिला होता तो यावरच. घटना निर्माण करण्याची सत्ता लोकांची असते, आणि मग न्यायालयं, खाती, तज्ज्ञ मिळून ती अशा भाषेत गुंडाळतात की लोकांना आपलीच वस्तू ओळखू येत नाही, असं मी त्यात मांडलं होतं. दीडशे पानं. मार्गदर्शकांनी कौतुक केलं, विद्यापीठानं पदवी दिली. लोकांना परकं करणाऱ्या भाषेवर लिहिलेली ती पानं मी मायला वाचून दाखवली असती, तर तिसऱ्या ओळीला ती शेळीला पाणी दाखवायला उठून गेली असती.

तीन दिवस बसून मी हरकतीचा अर्ज तयार केला. अकरा पानं झाली. 'सदरहू प्रस्तावित ठराव हा घटनात्मक तरतुदींशी विसंगत, अधिकारातीत व नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांस बाधा आणणारा असल्याने' असं पहिलंच वाक्य, आणि ते पुढे पानभर संपतच नव्हतं. मला ते फार आवडलं होतं. रविवारी गावात जाऊन बारा घरांतल्या बाराजणींच्या सह्या घेतल्या. रान कसतात त्या बायकाच, पुरुष बहुतेक मजुरीला बाहेर. माय सही करते. बाकी निम्म्या जणींनी अंगठे उठवले. शेजारच्या काकूंनी अंगठ्याची शाई पदराला पुसत विचारलं, "काय लिव्हलंय माय ह्याच्यात?"

"सगळं बराबर लिहिलंय काकू, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले आणि पुढच्या दारात गेले.

शनिवारी सकाळी पंचायतीसमोर पत्र्याच्या मांडवात ग्रामसभा भरली. पुरुषांना खुर्च्या, बायकांना सतरंजी. समोर टेबल, टेबलामागे सरपंचबाई, त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान. पद बाईंसाठी राखीव निघालं म्हणून त्या सरपंच झाल्या, कारभार यजमान पाहत. सही तेवढी बाई करायच्या. हे आमच्याकडे इतकं चालतं की त्याबद्दल कुणी कुजबुजतही नाही. दुसऱ्या बाजूला ग्रामसेवक. माणूस वाईट नव्हता. तीन गावांचा भार एकट्याच्या डोक्यावर, बायका त्याला भाऊसाहेब म्हणत. त्याचं मराठी मात्र चोवीस तास कार्यालयात असायचं.

विषय आला आणि मी उठून अर्ज वाचला. आवाज चांगला लागला होता. ग्रामसेवक मान डोलावत ऐकत होता. मग त्यानं एक कलम सांगितलं, मी त्याचं पोटकलम सांगितलं. त्यानं शासन निर्णय काढला, मी न्यायालयाचा निवाडा. दहा-पंधरा मिनिटं आम्हा दोघांचं असं रंगलं आणि अख्खा मांडव एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. काही जण उठून गेले. मला वाटलं, मी जिंकते आहे.

मग ग्रामसेवकानं अगदी नम्रपणे अर्जाचं शेवटचं पान उचललं आणि शेजारच्या काकूंकडे बघितलं. "मावशी, हा तुमचा अंगठा ना? तुमची हरकत काय आहे ते जरा तुमच्या तोंडानं सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "ते... वकीलबाईनं लिव्हलंय तेच."

मांडवात हशा पिकला. ग्रामसेवक हसला नाही, तेवढं श्रेय त्याला देते. तो म्हणाला, "मग ही हरकत मॅडमची झाली. आणि मॅडमचं नाव अंबडच्या मतदार यादीत आहे. या सभेत त्यांना बोलता येत नाही. मी इतका वेळ मानानं बोलू दिलं."

कायद्यानं तो बरोबर होता. मी खाली बसले. तेवढ्यात माणसं मोजली तर पुरेशी भरेनात, म्हणून सभा तहकूब झाली, म्हणजे तोच विषय पुढच्या शनिवारी पुन्हा. लोकांना वाटलं टळलं. पण कायद्यात अशी सोय आहे की तहकूब झालेल्या सभेला माणसं मोजावी लागत नाहीत. चार टाळकी आली तरी ठराव होतो. ग्रामसेवकाच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं मला दिसत होतं.

घरी येताना वस्तीच्या वळणावर मी काकूंना गाठलं. "एवढं साधं सांगता आलं नाही का तुम्हाला? माझं रान जाणार आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला होता, चार घरांतली माणसं दारात आली. काकू कापूस वेचायची मजुरी पाडून सभेला आल्या होत्या. पदर तोंडावर घेऊन घरात गेल्या.

माय हे सगळं बघत होती. घरी आली, हातपाय धुतले, मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"तिच्यावर कामून वरडलीस?"

"तिच्यामुळं सगळं गेलं, माय."

"तिच्यामुळं न्हाई." ती शांतपणे बोलत होती, आणि माय शांतपणे बोलते तेव्हा मला भीती वाटते. "महा बाप मयताचा सांगावा घेऊन गावोगाव जायचा. ठाव हाये का तुला?"

मला ठाऊक होतं. गावात कुणी वारलं की सोयऱ्यांच्या गावांना पायी निरोप पोचवायचं काम आमच्या माणसांकडे असे. आजोबांनी धर्म बदलला तरी पुढे काही वर्षं गावानं ते काम सुटू दिलं नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि बोलावं असं त्यात काही होतंही नाही.

"मी ल्हान व्हते, तेच्या संगं गेल्ते. पाटलाच्या दाराम्होरं लांब उभं करायचे. कोण मेलं, कव्हा मेलं, माती कव्हा हाये, समदं सांगायचे. आन् मंग म्हणायचे, सांगून दाखव. मह्या बापानं तीनदा सांगून दाखवल्याबगर तेला गावाभाईर पडू देत नव्हते. एक गोष्ट चुकली की शिव्या."

"मग?"

"मंग काय? तेच्यावर माया व्हती म्हणून समजून सांगत नव्हते. तेंची गरज व्हती. गरज आसली की माणसाला बराबर समजस्तोवर सांगतेत. तुला आमची गरज नव्हती. तुला अंगठे पायजे व्हते."

मी रागानं उठले आणि अंबडला निघून आले. दोन दिवस मनात मायशी भांडत राहिले. तिला काय कळतंय, कायदा असा चालत नाही, पोटकलम नसलं तर अर्ज टोपलीत जातो, असं बरंच काही. त्यातलं काही खोटंही नव्हतं.

बुधवारी कोर्टात एका म्हाताऱ्या अशिलाची तडजोड होती. धावडा गावचा माणूस, लेकीच्या खटल्यासाठी एवढ्या लांब आलेला. न्यायाधीशांनी अटी वाचल्या आणि विचारलं, "समजलं का बाबा?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. काकूंनी बघितलं होतं तसंच. आणि मी, सवयीनं, त्याच्याऐवजी म्हणाले, "समजलं, साहेब."

पंधरा वर्षांत हे मी किती वेळा म्हटलं असेल, याचा विचार करत मी तिथंच उभी राहिले. मला खूप लाज वाटली. मी न्यायाधीशांकडे पाच मिनिटं मागितली, बाबांना व्हरांड्यात नेलं, अटी त्यांच्या बोलीत सांगितल्या आणि त्यांच्याकडून वदवून घेतल्या. चारपैकी एक अट त्यांना मान्यच नव्हती. तडजोड त्या दिवशी झाली नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर वैतागले. दुपारच्या बसनं मी गावाला गेले.

आधी काकूंच्या दारात गेले. "काकू, चुकलं माझं," म्हणाले.

काकूंनी बसायला पोतं टाकलं. "काय चुकलं ते सांगून दाखव," म्हणाल्या आणि पदराआड हसल्या. म्हणजे मायनं सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस कामावरून परतल्यावर बाराजणी समाजमंदिरात यायच्या आणि चुली पेटायच्या आधी उठायच्या. पद्धत मायनं ठरवली. एकीनं बोलायचं, मी लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि दुसरीनं ते आपल्या शब्दांत सांगून दाखवायचं. दुसरीला नाही जमलं तर लिहिलेलं चूक, तिची चूक नाही. ऐकायला सोपं वाटतं. माझं डोकं फिरायची वेळ आली. अकरा पानांतलं पहिलं पान संपायला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि संपलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य उरलं नव्हतं.

भांडणंही झाली. त्यांना सगळेच कायद्याचे शब्द काढून टाकायचे होते, आणि मी अडून बसले. 'इतिवृत्त' हा शब्द शिकावाच लागेल म्हटलं. सभेत काय झालं याची पंचायतीच्या वहीतली नोंद म्हणजे इतिवृत्त. ते नंतर कार्यालयात बसून लिहिलं जातं आणि तिथंच सभा बदलते. ते सभेतच लिहायला लावायचं आणि वाचून घ्यायचं. "हा शब्द टाकून दिला तर तुम्ही काहीही बोला, वहीत ग्रामसेवक लिहील तेच खरं," मी म्हणाले. सगळ्यात म्हाताऱ्या आजीला तो शब्द तोंडात बसेना. ती दोन दिवस शेळ्यांमागे फिरताना तो घोकत होती, आणि शुक्रवारी तिनं तो माझ्यापेक्षा ठणठणीत म्हणून दाखवला. शेवटी दीड पानाचा अर्ज झाला. माझं त्यात एकच वाक्य होतं, इतिवृत्ताचं.

शनिवारी बायका नटूनथटून आल्या, लग्नाला निघाल्यासारख्या. मी सतरंजीच्या कडेला बसले, तोंडाला कुलूप लावून. तहकूब सभा म्हणून पुरुष वीसेक असतील. ग्रामसेवकानं ठराव वाचायला घेतला. एका दमात, भरभर, शेवटी 'सर्वानुमते मंजूर' म्हणायला श्वास राखून.

माय उठली. "भाऊसाहेब, आता हे सांगून दाखवा."

"वाचलं की मावशी आत्ता."

"वाचलं. आता कागद खाली ठिवा आन् तुमच्या तोंडानं सांगा. गावाचं काय जाणार, कोणाचं जाणार, किती सालासाठी, आन् गावाला काय भेटणार."

त्यानं कागद खाली ठेवला. "म्हणजे असं, की शासनाच्या धोरणानुसार... सदर क्षेत्र... प्रयोजनार्थ..." आणि पुन्हा कागदाकडे हात नेला.

"कागद न्हाई," काकू बसल्या जागेवरून ओरडल्या. या वेळी मांडव हसला तो काकूंच्या बाजूनं.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. किती वर्षांसाठी, ते त्याला सांगता येईना. वरून आलेल्या नमुन्यात ती जागा कोरीच होती, हे मला नंतर कळलं. तो घामाघूम झाला आणि मला त्याची कीव आली. त्यालाही कुणी कधी समजावून सांगितलेलं नव्हतं. वरून कागद यायचा, तो वाचायचा.

सरपंचबाईंचे यजमान चिडले. "हे काय शाळा हाये का? भाऊसाहेब, पुढं चला. सही घ्या हिची." आणि त्यांनी पेन बाईंच्या पुढ्यात सरकवलं.

बाईंनी पेन उचललं. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. मोठ्या शेतकरी घरातली सून, दोन वर्षं त्या टेबलामागे बसत होती. तिचा आवाज मी त्या दिवसापर्यंत ऐकला नव्हता.

"मला बी न्हाई कळलं," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळायचंय? सही कर," यजमान म्हणाले.

"सही तर माझीच लागती ना?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमचा अर्ज वाचा आधी."

काकूंनी अर्ज वाचला नाही, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो सांगितला. कोण किती वर्षं कसतंय, काय पिकतंय, रान गेलं तर कोणतं घर कशावर जगेल. गावाची जनावरं तिथं चरतात आणि कुंपण पडलं तर त्यांनाही वाट नाही, हेही सांगितलं. मग खुर्च्यांवरचे पुरुष आपसात बोलायला लागले. जनावरं त्यांचीही होती. हात वर करून मत घेतलं, तेव्हा ठराव पडला.

"इतिवृत्त!" म्हातारी आजी ओरडली. "हितंच लिवा!"

ग्रामसेवकानं मुकाट्यानं वही उघडली, लिहिलं आणि वाचलं. "गायरानावरील बारा अतिक्रमणधारकांनी हरकत घेतल्याने..."

"ते कोण?" मायनं विचारलं.

"तुम्हीच, मावशी."

"आमी कसतो. कसणाऱ्या म्हणून लिवा."

त्यानं हताश होऊन माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्हीच सांगा. कायद्यातला शब्द आहे."

तो खरं बोलत होता. सरपंचबाईंनी बोलायला मान हलवली, म्हणून मी मायला सांगितलं. दुसऱ्याची जमीन बळकावणाऱ्याला कायदा अतिक्रमणधारक म्हणतो. याच शब्दावर उद्या नोटीस देऊन तुम्हाला उठवू शकतात. पण तलाठ्याच्या दप्तरात याच नावानं तुमची जुनी नोंद आहे, आणि कधी रान नावावर झालं तर त्याच नोंदीवर होईल. म्हणून तो शब्द सगळीकडून पुसून चालणार नाही.

मायनं वहीकडे बोट दाखवलं. "मंग तलाठ्याकडं ऱ्हाऊ दे. ते सरकारचं दप्तर हाये. ही वही गावाची हाये. हिच्यात आमी कोण हाये ते आमी सांगू." मग सभेकडे वळून विचारलं, "बराबर का न्हाई?"

सभा म्हणाली, बरोबर. ग्रामसेवकानं शब्द खोडला आणि 'गायरान कसणाऱ्या बारा बायका' असं लिहिलं. त्याखाली सरपंचबाईंनी सही केली. दीडशे पानांत मी जे मांडायला धडपडले होते ते माझ्या डोळ्यांसमोर दोन मिनिटांत झालं होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तालुक्याहून इतिवृत्त परत आलं. शासकीय परिभाषेनुसार दुरुस्ती करून फेरसादर करावे, असा शेरा. सरपंचबाईंचा मला फोन आला. यजमानांचा नव्हे, त्यांचा. "ताई, दुरुस्ती करावीच लागती का?" मी सांगितलं, सभेत झालेली नोंद सभेलाच बदलता येते. "मंग सभेला इचारते," त्या म्हणाल्या. त्यांनी शेरा वाचला, वस्तीतल्या एकीनं तो सांगून दाखवला, आणि सभेनं नाही म्हटलं. कागद होता तसा परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. परवा तिसऱ्यांदा आला आहे. प्रकल्पाची फाईल त्याच्याखाली अडकून पडली आहे. मी अंबडहून लिहिते, भांडते, जालन्याला हेलपाटे घालते आणि थकतेही.

काल काकू गायरानात तूर खुरपत होत्या. मी बांधावर उभी राहून म्हटलं, "काकू, पुन्हा परत आलंय. हे आता असंच चालणार."

"येऊ दे की," त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या. "तेंनी एकदा माघारी पाठवलं की महं एक पीक निघतंय."